उष्टी लस

बोरीपाड्याच्या चिकूवाड्यांत एक जुना रिवाज होता. वटवाघळाने कुरतडलेला चिकू विकायचा नाही आणि टाकायचाही नाही, तो घरात खायचा. कुठला चिकू नेमका पिकलाय हे माणसाला दिवसाउजेडी साल खरवडूनही कळत नाही, वाघळाला मात्र काळोखात कळतं. म्हणून सकाळी झाडाखालची अर्धवट फळं वेचायची, दातांची बाजू सुरीने काढायची आणि उरलेलं पोटात घालायचं. वाघूळताप आल्यावर सरकारने या सवयीविरुद्ध गावातली प्रत्येक भिंत रंगवली. पण जिभेला लागलेली चव भिंत वाचून सुटते थोडीच!

कल्पेश चुरीची सुटली नव्हती. एका सकाळी त्याने झाडाखाली उभ्या उभ्या दोन चिकू संपवले आणि दुपारी आरोग्य केंद्राची माणसं त्याच झाडाखालून एक मेलेलं वाघूळ पिशवीत घालून घेऊन गेली. संध्याकाळी डॉ. इराणी स्वतः घरी आल्या. वाघळात विषाणू सापडला होता.

“तोंडात कुठे जखम, फोड?” त्यांनी विचारलं.

“दाढेची हिरडी सुजलीय,” कल्पेश म्हणाला.

डॉक्टरांनी टॉर्च लावून ती हिरडी नीट पाहिली. कल्पेशची बायको हर्षदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. विषाणू हिरडीतून आत शिरला असणार, हे तिला कळलं.

वाघूळताप हा घाई करणारा आजार नाही. विषाणू जखमेतून आत शिरतो, जवळचा मज्जातंतू धरतो आणि त्याच्या कडेकडेने मेंदूकडे सरकत राहतो. त्याला दोन आठवडे लागतात, कधी महिनाही लागतो. तेवढ्या दिवसांत माणसाला काही होत नाही. तो जेवतो, भांडतो, झोपतो. मेंदूत पोचला की मात्र ताप, मग भ्रम, आणि मग कुणाच्याच हातात काही उरत नाही. या संथपणातच सुटकेची वाट होती. विषाणू रस्त्यात असतानाच शरीराला त्याची ओळख करून दिली, तर शरीर त्याला गाठून संपवतं. त्यामुळे याची लस आजाराआधी तर चालायचीच, पण लागण झाल्यावरही चालायची.

ही लस सुईची नव्हती. माणसाच्या घशात एक निरुपद्रवी विषाणू बिऱ्हाड करून राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या अंगावर वाघूळतापाच्या विषाणूचा नुसता अंगरखा चढवला, आतला डंख काढून. जिभेवर दोन थेंब टाकले की हा भाडेकरू घशात राहायला यायचा आणि शरीर त्या अंगरख्याला ओळखायला शिकायचं. इथवर सगळं सरळ होतं. पण घशात राहणारा लाळेत उतरतो. लस घेतलेल्याच्या उष्ट्या कपातून, एका ताटातल्या घासातून, पोराच्या मुक्यातून ती पुढच्या माणसाकडे जायची. आधी हा दोष ठरला, मग कुणाला तरी तो गुण वाटला. जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे उष्टं पोचेल, म्हणाले. चार-पाच माणसांतून गेल्यावर तिचा जोर आपोआप संपावा अशी सोय केली आणि ती देशभर दिली. लोकांनी तिचं नाव ठेवलं लाळलस.

ज्यांना ती नको होती त्यांनी कोर्ट गाठलं. बराच काळ कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणायची, साथीत शेजाऱ्याचा जीव तुमच्या हातात असतो, ‘नको’ म्हणायची चैन परवडत नाही. दुसरी म्हणायची, माझ्या घशात कोण राहणार हे मी ठरवणार. निकाल दुसऱ्या बाजूने लागला. नको म्हणणाऱ्याला न विचारता उष्टं देणं गुन्हा ठरला. नको म्हणणाऱ्यांना लोक ‘कोरे’ म्हणू लागले. हॉटेलांत कोऱ्यांसाठी लाल काठाचे कप आले. लग्नात घास भरवण्याआधी भटजी हळूच विचारू लागले, “दोघे एकाच पक्षातले ना?” कोरे तर आपापसातही उष्टं खात नसत. कोण कधी फितूर होईल, भरवसा काय!

कल्पेश कोरा होता आणि हर्षदाने लस घेतली होती. तिला मरणाची भीती वाटायची आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलं नाही. कल्पेशचं कारण वेगळं होतं. पूर्वीच्या एका साथीत, सुईच्या लसीच्या शिबिरात, त्याची धाकटी बहीण नयना लस घेऊन घरी आली आणि दोन दिवसांत गेली. हजारो-लाखोंत एखाद्याला होतं तसं तिला झालं. तिचं रक्त आधीपासून गाठी धरायचं, ती ते सांगत होती, पण रांग मोठी होती. पुढे चौकशीला आलेला माणूस म्हणाला, “योगायोग आहे.” त्या एका शब्दाने कल्पेश कायमचा कोरा झाला. नयनाची मुलगी मिहिका त्याने आपल्याकडे आणून वाढवली.

असं हे घर. एका ओट्यावर दोन तऱ्हेचे कप. हर्षदा ते इतकं काटेकोर पाळायची, की कल्पेश मित्रांना सांगायचा, माझ्यापेक्षा माझ्या बायकोलाच माझी जास्त काळजी. लग्नानंतर पंधरा वर्षं एका ताटात जेवलेली ही माणसं. लस आल्यापासून त्यांनी एकमेकांचे ओठ पाहिले ते फक्त बोलताना.

“थेंब घ्या, कल्पेशभाई,” डॉ. इराणी म्हणाल्या. “आधी का नाही घेतले ते मी विचारत नाही. माझ्या दारात आलेल्याला मी ते कधीच विचारत नाही. इथे तर मीच तुमच्या दारात आलेय.”

“नको, डॉक्टर.”

“मरायचं आहे का?”

“नाही. पण मरायला घाबरून मी हो म्हटलं, तर इतकी वर्षं जे म्हणत होतो ते खोटं ठरेल. नयनाला कुणी विचारलं नाही. मला तुम्ही विचारताय, तर माझं उत्तर ऐका तरी.”

डॉक्टर गेल्या. हर्षदाने मग सगळं करून पाहिलं. ती रडली, भांडली, वाडीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. शेवटी तिने सरळ विचारलं, “माझा उष्टा चहा पिशील? थेंब नको, बाटली नको. माझं उष्टं.”

“नाही,” तो म्हणाला. मग तिचा हात धरून म्हणाला, “आणि तू गुपचूप काही करणार नाहीस. शब्द दे.”

तिने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा गाळला, लाल काठाच्या कपात ओतला, आणि ओट्याकडे तोंड करून त्यातला एक घोट घेतला. घोट तोंडात घोळवून थोडा कपात परत सोडला. हे लिहायलाही बरं वाटत नाही. तिला करताना कसं वाटलं असेल ते वाचणाऱ्याने ठरवावं. कप घेऊन ती ओसरीवर गेली. कल्पेश चहा प्यायला आणि म्हणाला, “साखर जरा जास्त झाली.” आठवडाभर ती रोज हेच करत राहिली.

कल्पेश मेला नाही.

महिना गेला, दोन गेले. डॉ. इराणी रक्त तपासू का म्हणून विचारायला आल्या, तर तो म्हणाला, “माझं रक्त माझ्याकडेच राहू द्या.” त्यांनी हर्षदाकडे एकदा पाहिलं आणि चहा न घेताच निघून गेल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं हर्षदाने स्वतःला समजावलं. नवरा जिवंत होता, शब्द मोडल्याचं कुणाला कळलं नव्हतं. तिचा हिशेब इथे संपला होता.

पण माणूस मरणार म्हणून गाव वाट पाहत होतं आणि तो मेला नाही, तर त्याची गोष्ट होते. कोऱ्यांच्या सभांना कल्पेशला बोलावणी येऊ लागली. त्याचे व्हिडिओ पालघरपासून वापीपर्यंत फिरले. तो बढाया मारत नसे. तो एवढंच सांगायचा, “मी काढा घेतला नाही, अंगारा लावला नाही, लसही घेतली नाही. शरीराला काय काय जमतं ते आपल्याला माहीत नसतं.” ऐकणाऱ्यांना याहून जास्त काही नकोच होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला! पुरावा समोर उभा राहून बोलत होता.

तळासरीला सुनील धोडी नावाचा एक ट्रक चालवणारा होता. गोदामात त्याला वाघूळ चावलं. आरोग्य केंद्रातल्या माणसांना त्याने मोबाइलवर कल्पेशचा व्हिडिओ दाखवला आणि थेंब न घेता घरी गेला. महिन्याभरात तो गेला. बातमी आली तेव्हा कल्पेश दिवसभर जेवला नाही. “प्रत्येकाचं शरीर वेगळं,” असं काहीतरी तो पुटपुटला. हर्षदा गप्प राहिली. तिच्या आधीच्या वागण्याची बाजू मी एखादे वेळी घेईनही, या गप्प बसण्याची घेणार नाही.

कल्पेश वाचल्याला दोन वर्षं होत आली आणि मिहिकाची पाळी आली.

ती आता चोवीस वर्षांची होती आणि वाड्यांवरून ड्रोन उडवून वाघळं हाकलण्याचं काम करायची. मामासारखीच कोरी, उलट मामाहून कडवी. एका दुपारी मनगटाला रुमाल गुंडाळून ती हसत घरी आली. जाळ्यात अडकलेलं वाघूळ सोडवायला गेली होती, ते चावलं. वाघूळ केंद्रात देऊन आली होती आणि तिथूनच तिला फोन आला होता. वाघूळ आजारी होतं.

“डॉक्टरबाई म्हणाल्या, आजच थेंब घे,” ती पाटावर बसत म्हणाली. “मी म्हटलं, आम्हा मामा-भाचीत ती पद्धत नाही. मामी, वाढ काहीतरी. भूक लागलीय.”

हर्षदाने कल्पेशकडे पाहिलं. त्याने हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला. स्वतःच्या वेळी तो इतका शांत होता, की तिला त्याचा राग आला होता. आता त्याच्या चेहऱ्यावर भीती होती.

“मिहिका,” तो म्हणाला, “तू... म्हणजे, तुझं तू ठरव. पण नीट विचार कर.”

“केलाय की. तू वाचलास ना? आपलं रक्त एकच.”

“सुनील धोडी नाही वाचला.”

“तो तुझ्या रक्ताचा नव्हता.”

कल्पेश आता जे काही म्हणणार, ते त्याच्याच दोन वर्षांच्या भाषणांच्या विरुद्ध जाणार होतं. हर्षदाच्या हातात वाढलेलं ताट होतं. ते तिने खाली ठेवलं.

“तुझा मामा रक्तामुळे वाचला नाही,” ती म्हणाली. “मी त्याला माझं उष्टं पाजलं. रोज सकाळच्या चहातून.”

कल्पेश तिच्याकडे वळला.

“कधी?” कल्पेशने विचारलं.

“त्याच आठवड्यात.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“हो.”

“तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. मोडला.”

मिहिका मोठ्याने हसली. “मामा, ती खोटं बोलतेय! मला घाबरवून थेंब घ्यायला लावायचेत, म्हणून. मामी, तुला जमत नाही गं खोटं बोलायला.”

या बाईने दोन वर्षं घरात कुणाला सुगावा लागू दिला नव्हता, आणि आज खरं बोलत होती तर कुणी विश्वास ठेवेना. हर्षदाला हसू आलं असतं, पण समोर मिहिकाच्या मनगटावरचा रुमाल होता.

“खोटं वाटतं तर तपासून घे,” ती म्हणाली. “ती लस घशातून जात नाही. मामाच्या घशात कापूस फिरवला की कळेल.”

दोघी कल्पेशकडे बघू लागल्या. तो उठला, चपला घातल्या आणि वाडीत निघून गेला. कापूस फिरवू द्यायचा म्हणजे इतक्या वर्षांचा नकार मोडायचा. आणि निकाल हर्षदा म्हणते तसा निघाला, तर तो कोराच नव्हता, कोऱ्यांना त्याने सांगितलेलं सगळं पोकळ होतं. नाही फिरवू दिला, तर मिहिका मामाचा दाखला घेऊन मरायला मोकळी. काय करावं हे हर्षदाने त्याला सांगितलं नाही. तो हक्क तिने गमावला होता, आणि तिला ते कळत होतं.

सकाळी तो दारात उभा होता. “मिहिका, चल. केंद्रात जाऊ.” हर्षदाला तो काही म्हणाला नाही, पण गाडीचा मागचा दरवाजा उघडा ठेवला.

डॉ. इराणींनी कापूस फिरवला. चाचणीचं यंत्र टिफिनच्या डब्याएवढं होतं. त्याला थोडा वेळ लागला. मग डॉक्टरांनी यंत्राचा पडदा कल्पेशकडे वळवला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “चांगली मुरलीय.”

कल्पेशने गळ्यावरून हात फिरवला, जणू बोटांनाही ती लागेल. मिहिकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“मामा, एक विचारू? मामीने तुला परत विचारलं असतं, हात जोडून, तर तू हो म्हणाला असतास?”

“नाही.”

“म्हणजे आज तू नसतास.”

“नसतो.”

“मग तिने बरोबर केलं?”

“नाही,” कल्पेश म्हणाला. “तिने चूक केली. आणि मी जिवंत आहे. दोन्ही खरं आहे, बाळा. यातलं एक खोटं पाडता आलं असतं तर मला रात्री झोप लागली असती.”

डॉ. इराणींनी थेंबांची बाटली टेबलावर ठेवली. “मिहिका, मी जबरदस्ती करणार नाही. पण वेळ चाललाय.”

मिहिकाने बाटलीकडे पाहिलं. तिच्या आईच्या वेळीही अशीच लहानशी बाटली असणार. डोळे भरून आले तरी तिने मान हलवली. “बाटलीतली नको. मला नाही जमणार. आई आठवते.” मग मामाकडे वळून म्हणाली, “तुझ्यातली दे. ती तुझ्यात दोन वर्षं राहिलीय. तुला काही नाही झालं.”

“चालतं का तसं?” कल्पेशने डॉक्टरांना विचारलं.

“दोघांनी हो म्हटलं की कायद्याने चालतं. जोर थोडा कमी असतो, म्हणून आठवडाभर रोज द्यावी लागेल. आणि दोन दिवसांनी हिच्याही घशात कापूस फिरवायचा. रुजली नसेल तर बाटलीच, मग आई आठवो नाहीतर आजी. कबूल?”

मिहिकाने मान डोलावली. डॉक्टरांनी खण उघडून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा काढला. “माझा नाश्ता आहे. घ्या.”

मिहिकाच्या उष्टावणात खिरीचा पहिला घास तिला कल्पेशनेच भरवला होता. मामाचा मान तो. तेव्हा ती काही बोलू शकत नव्हती, नुसती तोंड वाकडं करून थुंकली होती. आता त्याने बिस्किट अर्धं चावलं, ओलं टोक तिच्यासमोर धरलं आणि तिथेच थांबला.

“मिहिका, हे माझं उष्टं आहे. यात लस आहे. खाशील?”

“हो,” ती म्हणाली. “खाते.” आणि तिने तोंड उघडलं.

ती आत विश्रांती घेत असताना हर्षदा आणि कल्पेश बाहेर गाडीपाशी आले. आदल्या दुपारपासून तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

“सुनील धोडीला कुणी मारलं? मी की तू?”

“दोघांनी,” हर्षदा म्हणाली. “तू न कळता. मी कळून.”

“मी तुला माफ केलेलं नाही.”

“मी माफी मागितलेली नाही.”

“परत वेळ आली तर परत करशील?”

तिने गाडीचं दार उघडलं. त्याने मान हलवली. तिचं उत्तर त्याला माहीत होतं, आणि तिच्या शेजारी उभं राहायचं की नाही हे अजून त्याचं ठरत नव्हतं.

“आज सभा आहे,” तो म्हणाला. “तिथे सांगावं लागेल. पण त्याआधी तळासरीला जायचं. सभेतून कळण्याआधी सुनीलच्या बायकोला आपल्या तोंडून कळायला हवं.”

“ती काय म्हणेल?”

“जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.”

धोडींचं घर रस्त्याच्या कडेलाच होतं. अंगणात सुनीलचा ट्रक तसाच उभा होता, चाकांभोवती गवत वाढलेलं. कल्पेशने कडी वाजवली. मनीषा धोडी बाहेर आली. तिने आधी हर्षदाकडे पाहिलं, ओळखलं नाही. मग कल्पेशकडे पाहिलं आणि लगबगीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“कल्पेशभाई ना तुम्ही?” ती म्हणाली. “बसा, बसा. हे शेवटपर्यंत तुमचंच ऐकत होते.”

कल्पेशला एक पाऊलही पुढे टाकवेना. हर्षदा पायरीखालीच थांबली. चपला काढून ती मनीषाला म्हणाली, “आम्हाला तुम्हाला एक सांगायचंय. ऐकल्यावर कदाचित आम्हाला घराबाहेर काढाल. तरी आत येऊ का?”